लग्न कुठे लावाल?



श्रावण लागला की पुष्कळ घरांत अजूनही नाथांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’ फडताळातून खाली येते. घरात उपवर मुलगी असली की आजी तिला पाटावर बसवते, समोर समई लावते आणि रोज थोडे थोडे वाचून घेते. चांगले स्थळ यावे, लग्न लवकर जमावे एवढीच अपेक्षा. एकनाथ महाराजांनी हा ग्रंथ शके १४९३ मध्ये, म्हणजे इ.स. १५७१ साली काशीत पूर्ण केला. नाथांचे पैठण आपल्या गेवराईहून काही लांब नाही.

आता यातली गंमत बघा. वडीलधाऱ्यांनी ठरवलेले लग्न सुखरूप पार पडावे म्हणून जो ग्रंथ आपण लेकीच्या हातात देतो, त्यातली नवरी भावाने ठरवलेले स्थळ मोडून रथात बसून निघून गेली! आणि हे आपल्याला कधी खटकले नाही.

आणखी एक गोष्ट. जायचे कुठून, ती जागाही रुक्मिणीनेच निवडली. भागवतात तिने कृष्णाला धाडलेला निरोप आहे. वाड्यात शिरून मला न्यायचे म्हटले तर माझ्याच भावाबंदांचे रक्त सांडेल, हा तिला घोर. म्हणून ती सांगते की लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला नेण्याची आमच्याकडे रीत आहे, तुम्ही तिथे या. गावाबाहेरची मोकळी जागा, जवळ देऊळ, रथ उभा करायला रस्ता आणि आपल्या माणसांना इजा नाही. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे, तिथले अंबिकेचे देऊळ लोक आजही दाखवतात. जागा निवडावी तर अशी, चारही बाजूंनी विचार करून.

हे सगळे आज आठवायला कारण घडले आमच्या घरात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरल्या भावाची मुलगी, नर्सिंग शिकलेली, नोकरीला लागलेली. मुलगा आमच्याच पाटोदा तालुक्यातला, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा धंदा करणारा. दोघांची पसंती, दोन्ही घरांचा होकार. म्हणजे अडचण काहीच नव्हती. अडचण आली ती लग्न कसे लावायचे यावर. भावाने वही काढून आकडा मांडला. कार्यालय, बँड, बस्ता, मानपान, आठशे पाने. सहा लाखांच्या पुढे गेला. घरात सव्वा लाख. उरलेले सावकाराचे, नाहीतर रस्त्याकडेच्या दोन एकरांचे.

पोरगी वही बघून म्हणाली, “दादा, मला हे काहीच नको. चाळीस-पन्नास माणसं बोलवा. सौताड्याला धबधब्यापाशी लावा लग्न. माझ्या मैत्रिणीनं तसं केलं.”

भाऊ म्हणाला, “अगं, चाळीस माणसात लग्न लावलं तर लोक काय म्हनतील? पोरगी पळून गेली म्हनतील!”

तुमच्याही घरात हे बोलणे कधी ना कधी झाले असेल. आपल्याकडे चोरून झालेले लग्न लहान असते, म्हणून लहान झालेले प्रत्येक लग्न लोकांना चोरीचे वाटते. परदेशात मात्र जुना शब्द आता उलटा झाला आहे. ‘पळून जाऊन लग्न’ याला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच तिकडची पुष्कळ माणसे आता दोघांनी, फार तर पाच-पंचवीस जिवलगांना घेऊन, डोंगरावर, समुद्रकाठी, रानात लावलेल्या लग्नाला वापरतात. त्यात आईबापही असतात.

पळून जाण्याचीही एकेक गावे ठरलेली असतात. इंग्लंडात १७५४ पासून नवा कायदा लागू झाला. एकवीस वर्षांखालच्यांना बापाच्या संमतीशिवाय लग्नास मनाई झाली. स्कॉटलंडात ही अट नव्हती. मग इंग्लंडची जोडपी घोडागाडीत बसून सरहद्द ओलांडायची आणि पलीकडच्या पहिल्याच गावात, ग्रेटना ग्रीनला, लोहाराच्या ऐरणीपाशी लग्न लावून मोकळी व्हायची. आपल्या महाराष्ट्राचे ग्रेटना ग्रीन म्हणजे आळंदी. इंद्रायणीकाठच्या त्या गावात मंगल कार्यालयांची रांग आहे, आणि घरातून निघालेली किती जोडपी तिथे उभी राहिली याची गणती नाही. ज्या माउलींच्या आईबापांना संसार केला म्हणून समाजाने वाळीत टाकले, त्यांच्याच समाधीच्या गावी ही पोरे आसरा शोधत जातात, हे मला नेहमी नवलाचे वाटत आले आहे.

असो. आमचे ठरले की आधी जागा बघू, मग बोलू. भाद्रपदातल्या एका रविवारी भाऊ, पुतणी, मी आणि आमची आई अशी जीप करून निघालो. आईला मुद्दाम घेतले. तुम्हीही जागा बघायला जाल तेव्हा घरातले सर्वांत म्हातारे माणूस बरोबर न्या. ते जिथे चालू शकेल, बसू शकेल, तीच लग्नाची जागा.

सौताडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. बीड-जामखेड रस्त्यावर, विंचरणा नदी कड्यावरून खाली दरीत उडी घेते, आणि त्या दरीत रामेश्वराचे देऊळ. भाद्रपदात पाणी भरात असते. वरून पाहिले तर पोरीचे बरोबर होते. हिरवीगार दरी, पांढरे पाणी, पाण्याचे तुषार. पण खाली उतरायला पायऱ्या. आई चार पायऱ्या उतरली आणि बसली. “तुमी जा, मी हितूनच अक्षता टाकते,” म्हणाली. खाली गेलो तर सुट्टीची गर्दी. भाऊ माझ्या कानाशी येऊन काही बोलला, ते पाण्याच्या आवाजात ऐकू आले नाही. मंगलाष्टका कोण ऐकणार? दगडांवर शेवाळ. नवरीचा शालू, पायात जोडवी, आणि कडेवर लेकरे घेतलेल्या बायका. मी मान वर करून कड्याकडे पाहिले. कपारीला आग्या मोहोळाच्या पोळ्या लटकत होत्या.

या मोहोळाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण याचा विचार कोणी करत नाही. आपल्या बालाघाटातल्या कड्यांना, जुन्या किल्ल्यांना, उंच वडा-पिंपळांना आग्या मोहोळ असतेच. त्याला धूर सोसत नाही. लग्नाचा होम, आचाऱ्याची चूल, फटाके यांपैकी एकानेही ते उठते. उग्र अत्तर आणि ढोलताशाचा दणकाही नको. म्हणून जागा बघताना आधी वर बघा, मग खाली. मोहोळ दिसले तर होम तिथे नको, चूल तर नकोच. आणि कधी उठलेच तर हात झाडत उभे राहू नका. तोंडडोके कापडाने झाकून लांब पळा, गाडीत किंवा घरात शिरून दार लावा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात. अंगात रुतलेले काटे नखाने खरवडून लगेच काढा. डंख पुष्कळ असतील, ओठ सुजले, दम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

धबधब्याचा दुसरा धोका पाण्याचा. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि वरच्या अंगाला ढग कोसळलेला असतो. पाहता पाहता पाणी चढते आणि गढूळ होते. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की मुहूर्ताची वाट न बघता वर यायचे. डोहाच्या काठी फोटोसाठी नवरा-नवरीला उभे करू नये. डोहाची खोली वरून कळत नाही.

तिथून कपिलधारला गेलो. मांजरसुंब्याजवळ, मन्मथस्वामींच्या समाधीचे हे ठिकाण. वीरशैव समाजाचे मोठे श्रद्धास्थान. तिथेही धबधबा आहे, झाडी आहे, आणि मन शांत होते. कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, त्या सुमारास तिथे कार्य काढू नये. पण आईचे म्हणणे वेगळेच पडले. “जित्तं ज्याची समाधी, तित्तं त्याच्या मानसांचा मान. आपन पाहुने. पाहुन्यानं दुसऱ्याच्या घरी मांडव घालू नये.” मला ते पटले. कुठल्याही देवस्थानाच्या आवारात लग्न लावायचे तर विश्वस्तांना आधी जाऊन भेटा. तिथली रीत विचारा, कुठे चूल चालते, कुठे नाही हे विचारा, आणि पावती घ्या. ज्यांचे ते देवस्थान आहे त्यांनी मात्र अशा जागेचा विचार जरूर करावा.

नायगावचे मयूर अभयारण्य आमच्याच तालुक्यात. १९९४ साली ते जाहीर झाले. मोर पावसाळ्यात पिसारा फुलवून नाचतो, म्हणून पुतणीच्या मनात तेही होते. तिला सांगितले की बाई, ते मोराचे घर आहे, आपले नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही, आणि स्पीकर, चूल, पत्रावळी घेऊन तिथे जाऊही नये. संरक्षित किल्ले आणि जुनी देवळे यांनाही हेच लागू. धारूरचा किल्ला असो की बीडचे पाण्यातले कंकालेश्वर, नमस्कार करून यावे, एखादा फोटो काढावा. भिंतीला खिळा ठोकून मांडव घालू नये.

अंबाजोगाई-परळीकडच्या वाचकांसाठी एक जागा सांगतो. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी डोंगराच्या कुशीत आहे. ‘विवेकसिंधू’ लिहिणारे हे आपले आद्यकवी. झाडी, दरी, पावसाळ्यात पाणी. सकाळच्या वेळी दहा-पंधरा माणसांनी तिथे जाऊन दोघांना आशीर्वाद घ्यायला लावावेत, इतपत ती जागा फार चांगली. आणि त्याच गावात हत्तीखान्याची लेणी आहेत. तिथले दगडी हत्ती दाखवून जुनी माणसे गोष्ट सांगतात. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते. वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले. देवी अंबाजोगाईलाच कुमारिका म्हणून राहिली. एवढे हत्ती-घोडे, एवढा थाट, आणि लग्न काही लागले नाही! रस्त्यात वरात तीन तास नाचते आणि भटजी घड्याळ बघत बसतात, तेव्हा मला हे हत्ती आठवतात.

मुहूर्ताचे निघाले म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्यात सुंदर जागा आणि लग्नसराई यांचे जमत नाही. धबधबे वाहतात श्रावण ते आश्विन, आणि तेव्हा चातुर्मास. लग्ने निघतात तुळशीचे लग्न लागल्यावर. आणि आपल्याकडची निम्मी घरे तर तेव्हा गावात नसतातच. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या भरतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात, आणि कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. म्हणून सगळी लग्ने वैशाखात, चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात. तेव्हा सौताड्याला नुसते काळे दगड असतात.

मला विचाराल तर ज्यांना शक्य आहे त्यांनी कार्तिक-मार्गशीर्ष धरावा. हवा थंड, ज्वारी हिरवी, विहिरीला पाणी, ओढ्यातही थोडेफार. पौष-माघात करडई फुलते, ते शेत कुठल्या बागेला हार जात नाही. पण आमच्या व्याह्यांचे घर ऊसतोडीचे. मुलाचे आईवडील दसऱ्यानंतर चार दिवसांत निघणार. पोराचे लग्न आईबापाविना लावायचे काय? तेव्हा दसराच धरला. साडेतीन मुहूर्तांतला तो एक, त्याला पंचांग बघावे लागत नाही. चातुर्मास म्हणून दोन-चार जुन्या माणसांनी नाक मुरडले. पण हल्ली पंचांगकर्तेही चातुर्मासात अडीअडचणीचे मुहूर्त देतात.

राहिली जागा. संध्याकाळी परतताना आई म्हणाली, “दिसभर हिंडलात. आपल्या हिरीवर काय वाईट हाय?”

आमची विहीर गावापासून पाऊण मैलावर. काठावर आजोबांनी लावलेला आंबा, त्याच्याशेजारी दोन कडुनिंब. समोर बालाघाटाची लांबलचक रांग. रोज बघून डोळ्यांना सवय झाली होती. पुतणी आंब्याखाली उभी राहिली, डोंगराकडे तोंड केले, बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “काका, हीच जागा. फक्त ती मोटारीची पेटी झाका.”

शेतात लग्न लावणाऱ्यांसाठी आमचा अनुभव सांगतो. दसऱ्याला सोयाबीन निघालेले असते, रान मोकळे होते. पण सोयाबीनचे खुंट पायात सुयांसारखे घुसतात. लग्नात माणसे अनवाणी असतात. आम्ही आठ दिवस आधी दोन गुंठ्यांवर कुळव फिरवला, खुंट वेचले, पाणी शिंपडले, वरून सडा घालून घेतला. गंज आणि कडब्याची वळई जवळ असेल तर विंचू-किरड निघते. ती जागा आदल्या दिवशी साफ करा, रात्री उजेड ठेवा. सर्वांत मोठी काळजी विहिरीची. आमची विहीर बिनकठड्याची. आम्ही चारही बाजूंनी बल्ल्या रोवून दोर आणि साड्या बांधल्या. शिवाय दोन जाणती माणसे तिथेच बसवली. त्यांना जेवायलाही आळीपाळीने उठवले. मांडवाच्या लोखंडी नळ्या वरून गेलेल्या विजेच्या तारांपासून लांब ठेवा. परतीचा पाऊस दसऱ्याला हमखास हुलकावणी देतो. चार ताडपत्र्या आणि शेजाऱ्याच्या गोठ्याचा शब्द घेऊन ठेवला होता.

बायकांच्या सोयीचा विचार पुरुषांच्या डोक्यात कधी येत नाही, आमच्याही आला नव्हता. वहिनीने विचारले तेव्हा कळले. दोन तात्पुरत्या खोल्या पत्र्याच्या उभ्या केल्या, शोषखड्डा घेतला, पाण्याचे पिंप भरून ठेवले. धबधब्याला हे कुठून झाले असते?

ज्या वेळेला अक्षता पडणार, त्याच वेळेला दोन दिवस आधी जागेवर जाऊन उभे राहा. ऊन कुठून येते, सावली कुठवर पोचते, वारा कसा आहे हे तेव्हाच कळते. आम्ही सकाळचे अकरा धरले होते. त्या वेळी सूर्य नवरीच्या डोळ्यांत येत होता. बोहले उलट्या अंगाला घेतले.

आता लोक काय म्हणतील याचे. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत सरकारने लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसे आणि दोन तास, मोडले तर पन्नास हजार दंड. त्या दोन वर्षांत लागलेली लग्ने काही सुटली नाहीत. त्या जोडप्यांची लेकरे आता अंगणवाडीत जातात. त्याआधीही आपल्याकडे ‘यादी पे शादी’ होतच होती. साखरपुड्यातच अक्षता टाकून मोकळे झालेले शहाणे बाप प्रत्येक गावात एक-दोन सापडतील. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच भटजीवाचून, कमी खर्चात लग्न लावून दाखवले.

भावाने एक केले. गावातल्या आठशे घरांना निमंत्रण नाही म्हणून रुसवा नको, यासाठी तो आणि वहिनी आधी आठ दिवस संध्याकाळी भावकीत घरोघर जाऊन सांगून आले. “लग्न शेतात हाय, मोजक्या मानसात हाय. पोरीला आशीर्वाद द्यायला घरी या, चहा घ्या.” लपवले काहीच नाही. मग कोणी पळून गेली म्हणाले नाही.

पण खरोखर पळून जाणाऱ्यांविषयी न बोलता हा लेख संपवला तर ती पळवाट होईल. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या बीड शहरात, मुलीच्या घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या एका तरुणाचा भर रस्त्यात खून झाला. त्याच वर्षी, २७ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की सज्ञान मुलामुलीने एकमेकांना निवडले तर त्यात घराण्याला, जातीला, पंचायतीला आडवे येण्याचा अधिकार नाही. आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष असावेत. वाळीत टाकणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्या जोडप्याला जिवाची भीती आहे त्याने निर्जन धबधबा, डोंगर, किल्ला शोधूच नये. त्यांच्यासाठी चांगली जागा म्हणजे माणसांची वर्दळ, जवळ पोलीस ठाणे, आधी दिलेला लेखी अर्ज आणि हाताशी ११२ क्रमांक.

आणि आईबापांनो, पोरगी पळेल या धास्तीने तिला पंधराव्या-सोळाव्या वर्षी उजवून टाकणे हा उपाय नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांत चाळिसाहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. तोडीला जाताना लेक कोणाजवळ ठेवायची हा प्रश्न खरा आहे, मी तो हलका मानत नाही. पण नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून उचलीसाठी जोडी जुळवायची आणि कारखान्याच्या फाटकापाशीच उरकून टाकायचे, या ‘गेटकेन’ लग्नांची जागाही उघड्यावरचीच असते. मुलगी अठरा, मुलगा एकवीस. याच्या आत कुठलीही जागा चांगली नाही. असे लग्न ठरत असल्याचे दिसले तर १०९८ वर फोन करा.

कागदाचे थोडक्यात सांगतो. लग्न कुठेही लावा, शेतात, देवळात, नदीकाठी, कायद्याची हरकत नाही. मात्र आपल्या रिवाजाप्रमाणे विधी झालेला हवा. जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सात पावले चालावीच लागतात. बौद्ध पद्धत, वीरशैव पद्धत, जो ज्याचा रिवाज. नुसती सही करून हार घातले आणि संस्थेचा दाखला घेतला, म्हणजे हिंदू विवाह झाला असे होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे. म्हणून विधीचे फोटो नीट काढून ठेवा. दोघांचे धर्म वेगळे असतील, किंवा विधी नकोच असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात.

इतरांनी लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेच ते काम असते. तिथेही तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे दाखले, आधार कार्ड, फोटो. आळस करू नका. पुढे रेशनकार्डात नाव, वारसा, पासपोर्ट, सगळीकडे हा कागद मागतात.

आमचे लग्न बावन्न माणसांत लागले. पुरी-भाजी, मसालेभात, बुंदी. पळसाच्या पत्रावळी. पाहुण्यांनी आहेराऐवजी आपट्याची पाने दिली, दसराच होता. पाऊस आला, पण जेवणे झाल्यावर. खर्च नव्वद हजारांच्या आत बसला. रस्त्याकडेचे दोन एकर आहेत तिथेच आहेत, यंदा त्यात तूर आहे. दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी आणि करवल्या सौताड्याला जाऊन वरच्या कठड्यापासून फोटो काढून आल्या. चार दिवसांनी व्याही-विहीणबाई गाडीत बसून तोडीला गेले. जाताना सुनेच्या डोक्यावरून हात फिरवायला त्या आंब्याखालीच थांबले होते.

पुढच्या आठवड्यात नोंदणीला गेलो. फॉर्मात ‘विवाहाचे ठिकाण’ असा रकाना आहे. लिहिणाऱ्याने पेन थांबवून विचारले, “कार्यालयाचं नाव?” भाऊ म्हणाला, “कार्यालय न्हाई. गट नंबर लिहा.” आणि खिशातून सातबारा काढून टेबलावर ठेवला.